भिंतीकडे तोंड

ऑरिन हॅस्केलला चित्र सुरू करता येई, थांबवता येत नसे. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर नवराबायकोचं बिऱ्हाड होतं. तिथं त्याची सगळी चित्रं शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीकडे तोंड करून उभी असत. पूर्ण झालं तरच सरळ करायचं, हा त्याचा नियम. आणि पूर्ण तर काहीच होत नसे. वकिलाच्या कचेरीत टाइप करकरून व्हर्नाने संसार ओढला, तो या पाठमोऱ्या मंडळींच्या सोबतीने.

साठी उलटल्यावर त्याचं पहिलं प्रदर्शन ठरलं. गॅलरीवाल्या मिसेस ड्रेक्सलरने चित्रं त्याच्या हातून हिसकावून नेली म्हणा ना. त्यातलं मोठं करडं चित्र मिसेस पॉमरॉय या बड्या गिऱ्हाइकाने पसंत केलं. ते खपलं की व्हर्नाची कचेरी सुटणार होती.

उद्घाटनाला व्हर्ना आली आणि दारातच थबकली. करड्या रंगावर, खाली डावीकडे, निळा पट्टा. ओला.

"अरे, हे काय केलंस?"

"दुपारी चित्रांची टांगणी बघायला आलो होतो गं."

"आणि खिशातली रंगाची ट्यूब आपोआप उडाली?"

ऑरिनने खिशावर हात दाबला.

तेवढ्यात मिसेस पॉमरॉय नाक मुरडत म्हणाल्या, "मी करडं पसंत केलं होतं. हे निळं काय?"

"ओलंच आहे, आत्ता पुसलं जाईल," म्हणत मिसेस ड्रेक्सलरने टर्पेंटाइनचं फडकं आणून व्हर्नाच्या हातात कोंबलं. "माझं नाही ऐकायचा तो. तूच सांग बाई."

व्हर्ना चित्रासमोर उभी राहिली. काल तिथं नुसतं धुकं होतं. आज त्या धुक्याला तळ होता.

"ऑरिन, झालं का रे पूर्ण?"

"झालं."

हा शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. तिने त्याचा हात ओढला आणि त्या फडक्याने त्याची निळी बोटं एकेक करून पुसून काढली. मिसेस पॉमरॉय कोट चढवून निघून गेल्या.

सोमवारी व्हर्ना नेहमीसारखी कचेरीत गेली.

प्रदर्शन उठल्यावर चित्र घरी आलं. घरात खिळा कुठला असायला? खालच्या सुताराकडून मागून आणला. ऑरिनने चित्र उचललं, तशी ती आडवी आली.

"थांब. आधी खिसे दाखव."