दोरीने बांधलेलं नाव

खिळे जुळवणाऱ्या सीत्से रिनियाचा हिशेब सरळ होता. छापखान्याचे मालक बोकमा यांना मुलगा नव्हता, दमा मात्र होता. थोडी कळ काढली की फ्रानेकर गावातल्या त्या छापखान्याच्या दारावर 'बोकमा आणि रिनिया' अशी पाटी लागणार, आणि तीही जाड्यात.

जाड्या म्हणजे छापखान्यातले सगळ्यांत जुने, ठळक अक्षरांचे खिळे. उभ्या रेघा देवळाच्या खांबांसारख्या, पायाशी रुंद टाचा. गायींचा लिलाव, बंधाऱ्याची ताकीद, कुणाचा मृत्यू, गावाने निमूट खरं मानावं असं सगळं जाड्यात छापायचं. लग्नपत्रिका मात्र कधीच नाही. मालक म्हणत, नवरामुलगा घाबरून पळेल.

एका नाताळात मालकांनीच ती जोडनावं जुळवायला सांगितली. छाप बघून मान डोलावली, खिळे दोरीने बांधून फळीवर ठेवायला लावले. "नव्या वर्षी बघू." मग कॉफी आणि डब्यातलं एक बिस्किट. एक दिलं की झाकण बंद. पुढे दर नाताळाला तेच वाक्य, तेच बिस्किट, तेच झाकण.

लेवार्डनच्या मोठ्या छापखान्याचं बोलावणं आलं तेव्हा बायको, हिल्त्ये, म्हणाली, "तिथं नाव नसेल, पण माणसासारखं वागवतील. इथं काय आहे? फळीवरची धूळ."

"आता सोडलं तर इतकी वर्षं पाण्यात," सीत्से म्हणाला, आणि आणखी काही वर्षं पाण्यात घातली.

जाड्याचे खिळे मोजकेच. मोठ्या जाहिरातीला कमी पडत, पण फळीवरच्या गाठीला त्याने कधी हात लावला नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला पटवून शब्द बदलायचा. त्याच्यापायी कितीतरी उत्कृष्ट गायी नुसत्या चांगल्या झाल्या.

मार्चमध्ये मालक गेले. मालकीणबाईंना मृत्युवार्ता सगळ्यांत मोठ्या जाड्यात हवी होती, खाली लेकी-जावयांच्या नावांसकट. खिळे अपुरे पडले. सीत्सेने नावं बारीक अक्षरात घ्यायचं सुचवलं, ते बाईंना रुचलं नाही. दूधसंघात कारकून असलेला जावई वोबे फळीकडे बघत म्हणाला, "त्या गाठोड्यात आहेत की."

बाईंनी जवळ जाऊन पाहिलं. "ते होय? ह्यांची गंमत होती ती. सोड, सीत्से. आणि काळजी करू नकोस. छापखाना आता वोबे बघेल, पण तुझी जागा तुझीच."

ह्या वयात लेवार्डन कुणाला बोलावतं? सीत्सेने गाठ सोडली. खिळ्यांवरची धूळ पुसली आणि रिनियातली अक्षरं एकेक उचलून बोकमांच्या मरणात बसवली. छपाई झाल्यावर, रीतीप्रमाणे, सगळे खिळे आपापल्या खणांत परत टाकले. दोरी तेवढी हातात राहिली.

शवपेटी अंत्यविधी मंडळाने दिली, खांदा शेजाऱ्यांनी दिला. कॉफी बाईंनी पाजली, बिस्किट एकेकच. अक्षरं सीत्सेची गेली.