ट्रेमधली चिवळ

"अवं, तिथं कपडे नको झटकू! बी उडून जाईन!" आमचे हे आतूनच ओरडले.

ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी राहिले. मनीषनगरच्या या फ्लॅटची बाल्कनी केवढी, तर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने आत जावं. त्यात यांचा हा ट्रे. आमच्या मिनलने थाइम नावाच्या कुठल्याशा विलायती पाल्याचं बी आणून दिलं होतं. ओव्यासारखा वास येतो म्हणे, ब्रेडवर घालतात. बेसा गावचं वावर विकल्यापासून बाप दिवसभर पंख्याकडे बघत पडून असतो, तेवढाच जीव रमेल, असं पोरीला वाटलं. निस्तरायचं मात्र मला.

बी अगदी धुळीएवढं. रेती मिसळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, असं मिनलने दहादा सांगितलं. यांनी काय करावं? वावरात जेसीबी लागायच्या आदल्या दिवशी काळ्या मातीचं एक पोतं भरून आणलं होतं, ते ट्रेमध्ये ओतलं आणि तुरीसारखं बी बोटाने खोल दाबलं.

"रेती घर बांधाले लागते," म्हणाले. "पेराले मातीच पायजे."

थाइम कशाचं उगवतंय! कपडे वाळत घालायला गच्चीवर चढून चढून माझे गुडघे भरून आले. "फेका ना आता ते," म्हटलं की माणूस तोंड फिरवून बसे. नुसती चीड येई.

एका सकाळी ट्रे हिरवा झाला. यांनी हाका मारून घर डोक्यावर घेतलं. मिनल आलेलीच होती. तिने वाकून पाहिलं.

"बाबा, थाइम नाही हे. चिवळ उगवून राहिली. वावरातल्या मातीतच असन तिचं बी."

टोमणा माझ्या ओठावर होता, पण तो बाहेर पडेना. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या वावरातून मी पदर भरभरून ही रानभाजी आणली होती.

"तण हाय तर निंदाच लागन," हे शेवटी म्हणाले. खाली बसले, एकेक रोप मुळासकट उपटलं, मुळांची माती झटकून ट्रेमध्येच पाडली आणि मूठ माझ्यापुढे धरली. "भाजी कर. अन् मिनल, पुढच्या टायमाले रेती घेऊन येजो."

कढईत ती घासभर झाली. मी सगळी यांच्याच ताटात वाढली. यांनी निम्मी भाकरीच्या तुकड्याने माझ्याकडे सरकवली, उरलेली तोंडात घातली.

"खारट झाली वं."

होणारच. हाताने पदरभर भाजीचं मीठ घातलं होतं.