भौतिकशास्त्र म्हणायचं नाही

‘भौतिकशास्त्र’ हा शब्द फोनवर उच्चारायचा नाही, असा कागदच विद्यापीठाने माझ्या टेबलावर चिकटवला होता. म्हणे, मुलं घाबरतात! विभागाच्या दारावरची पाटीही बदलली: ‘भावी सेमीकंडक्टर विभाग’. आत तेच आमचे प्राध्यापक प्यो सर, तेच लोलक, तोच अभ्यासक्रम. सतरा वर्षं मी या ऑफिसात काढली, पण असला फाजीलपणा पाहिला नव्हता.

आमच्याकडे वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, आणि हा फेब्रुवारीतला प्रवेशाचा शेवटचा दिवस. चारपर्यंत वीस मुलं झाली नाहीत तर विभाग बंद, आणि प्यो सरांनी निवृत्त होईपर्यंत इंजिनिअरिंगच्या पोरांचं कच्चं गणित पक्कं करत बसायचं. आमची झाली होती एकोणीस.

सकाळपासून सर प्रतीक्षायादीतल्या घरांना फोन लावत होते. वसतिगृह फुकट, टॅबलेट फुकट.

“अहो, माझा मुलगा केस कापायचं शिकायला गेला,” एक आई खेकसली. “टॅबलेट काय मला देताय?”

सरांनी फोनसमोरच कमरेत वाकून माफी मागितली. मला इतकं वाईट वाटलं!

साडेतीनला ते तोंड धुवायला गेले आणि फोन वाजला. मुलीचा आवाज.

“मॅडम, मी हे-रिन. मागच्या वर्षी तुमच्याकडे भौतिकशास्त्र होतं ना? यंदा यादीत सापडतच नाही. नर्सिंगला मिळालंय, तिथे चारच्या आत कळवायचंय, म्हणून विचारते.”

दिवसभर तोच कागद वाचून माझं डोकं भणाणलं होतं. “आमच्याकडे आता भावी सेमीकंडक्टर आहे. टॅबलेट मिळतो,” मी म्हटलं.

“नको मग. राहू दे.”

सर तोंड पुसत आले. “कुणाचा होता हो, मेंगबाई?”

“कुणी नाही. भौतिकशास्त्र विचारत होती.”

बोलले आणि मग कळलं, विसावी मुलगी मीच घालवली होती.

मी तोच नंबर लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा तिने उचलला.

“अगं पोरी, आहे गं! सगळं तेच आहे, नाव तेवढं बदललंय!”

“अय्या! मी आत्ताच नर्सिंगला हो कळवलं. आता बदलता येत नाही ना?”

नव्हतं येत. आज एकदा हो म्हटलं की दुसरीकडचं दार बंद. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

सरांनी रिसीव्हर घेतला. आता ओरडणार, मला वाटलं.

“भौतिकशास्त्र कशाला हवं होतं गं तुला?”

ती मोठ्याने बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं. “सर, बर्फ दाबाने वितळतो म्हणून आपण घसरतो, असं पुस्तकात आहे. मी हिशोब केला. माझ्या वजनाने एवढा दाब पडतच नाही!”

“तू केलास हिशोब? स्वतः?” सर टेबलावर बसलेच. “बरोबर आहे तुझं! आता ऐक...”

चार वाजले, सव्वाचार झाले. सर पाठकोऱ्या कागदावर आकृत्या काढत होते, ज्या तिला दिसणारच नव्हत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “सर, पुढच्या वर्षी परत परीक्षा देऊन तुमच्याकडेच येते. विभाग असेल ना?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“असेल की,” सर म्हणाले. “ये हं.”