दोनदा नको

'मालकी ही माणसाच्या आत्म्याला झालेली जुनी जखम आहे आणि वाटून घेणं हेच तिच्यावरचं औषध' असं भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, आणि त्या वाक्याच्या बरोबर खाली, टेबलावरच्या ताटात, लिंबाच्या वडीचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पडून होता.

शेवटची वडी. आठवड्याच्या सुरुवातीला ती अख्खी होती. मग कुणीतरी तिची अर्धी केली, कारण शेवटची वडी उचलायची म्हणजे... कुणी बघितलं तर? मग दुसऱ्या कुणीतरी त्या अर्धीतली अर्धी नेली, तिसऱ्यानं उरलेल्यातली अर्धी, आणि प्रत्येकानं सुरी पुसून जागच्या जागी ठेवली. गावाला दोन चर्च आहेत, पण धर्म हा एकच. ऑरिन हल्व्हर्सन सुरी हातात घेऊन उभा होता आणि त्या नखाचेही दोन भाग पडतील का, याचा मनापासून विचार करत होता. वडीचा विचार चालला होता तोवर वॉकरचा करावा लागत नव्हता.

वॉकर, धरून चालायची ती चौपायी चौकट, समोरच्या भिंतीला टांगलेला होता. पूर्वी, इथं ऑरिनचं हत्यारांचं दुकान होतं तेव्हा, तिथं करवती असायच्या. खिळे त्यानंच ठोकलेले, भिंत त्याच्या वडिलांनी रंगवलेली, आणि या जागेला कागदोपत्री आता 'सामाईक घर' म्हणत असले तरी गाव अजून 'ऑरिनच्या दुकानात जातो' असंच म्हणायचं. हमरस्त्यावर ते अवाढव्य दुकान आलं, ऑरिनचं गिऱ्हाईक हळूहळू तिकडं वळलं — वळलं तेही माफी मागत, 'बर्फाचं फावडं तिथूनच घ्यावं लागलं रे, त्या बाजूला गेलोच होतो म्हणून' — आणि एका वसंतात त्यानं शटर ओढलं. त्यानंतर कार्मेला आली. न्यू जर्सीची, नवरा इथल्या शाळेत शिकवायला लागला म्हणून आलेली. तिनं चर्चच्या तळघरात सभा घेतली आणि विचारलं, प्रत्येक घरात एकेक ड्रिल कशाला हवं, जे वर्षातून एकदा भिंतीला भोक पाडतं? सगळं एका जागी ठेवू, ज्याला लागेल त्यानं न्यावं, झालं की परत आणावं. तेव्हा ऑरिन उठला. जागा घ्या म्हणाला. फळ्या, कपाटं, उरलेली हत्यारं, सगळं घ्या. टाळ्या वाजल्या नाहीत, इथं वाजत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात झाकण घातलेली तीन गरम भांडी होती, आणि त्याला वाटलं होतं... काय वाटलं होतं? उंच वाटलं होतं. शिडीवर उभं राहून खालच्यांना सामान काढून देताना वाटायचं, तसंच.

कार्मेलाला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. गावानं भरभरून दिलं. वॉफल करायची यंत्रं आली, तंबू आले, शिवणयंत्रं, बर्फ फेकायची यंत्रं, कुणाच्या गेलेल्या आईचं मोठं पातेलं आलं. उन्हाळ्यात काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनीच्या टोपल्या आल्या, त्या आणून ठेवणाऱ्यांच्याच घरी झुकिनी कुजत होती. आणि यातलं काहीही कधी बाहेर गेलं नाही.

"तुमच्या गावात सगळे कर्णच," ती एकदा वैतागून म्हणाली होती, म्हणजे तिच्या भाषेत असंच काहीतरी. "दारात उभा राहणारा एक भिकारी मिळेना मला."

व्हर्जिल म्हणाला होता, "पाहुण्यांनी आधी सांगितलं असतं तर एखादा शेजारच्या गावातून मागवला असता."

व्हर्जिल आत्ताही होता, खिडकीजवळ, कॉफी घेऊन. शाळेपासूनचा मित्र. घराच्या पन्हळी साफ करायच्या राहिल्यात म्हणून महिनाभर कुरकुरत होता आणि रोज इथल्याच लांब शिडीला पाठ टेकून बसत होता.

"काय बघतोस?" तो म्हणाला.

"काही नाही. बघतोय."

"बघ. बघायला तर काही द्यावं लागत नाही."

त्याची बायको आर्डिस उद्या इस्पितळातून घरी येणार होती. खुब्याचं हाड, डॉक्टरांनी खिळे घालून बसवलं होतं. नर्सनं विचारलं होतं, घरी वॉकर लागेल, सोय आहे ना? आणि ऑरिन म्हणाला होता, आहे, आहे. तो नेहमी आहेच म्हणतो. ताप आहे का, तर बरा आहे. जेवलास का, तर झालंय. आर्डिस पलंगावरून छताकडं बघत होती. तिलाही कळलं असणार की सोय नाही, आणि तीही म्हणाली, आहे. सगळा संसार त्यांनी एकमेकांना 'आहे' सांगत केला होता.

ती तळघराच्या पायरीवरून पडली तेव्हा फोन तिच्या खिशातच होता. वरच्या झरोक्यातून शेजारच्या लाव्हॉनच्या गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता, जवळ यायचा, लांब जायचा. आर्डिस फरशीवर पडून तो ऐकत राहिली. नंतर तिनं सांगितलं ते कुणी हवामान सांगावं तसं — 'म्हटलं, तिचं गवत होऊ दे. अर्धं राहिलं तर बरं दिसत नाही.' लाव्हॉनचं अंगण मोठं आहे. कापून झालं, मग तिनं कडा कापायला घेतल्या. आणि आर्डिस म्हणते, कडा ती फार नीट कापते.

ऑरिननं सुरी ठेवली. वडीला हात लावला नाही.

"ऑरिन," कार्मेला मागून म्हणाली. हातात झाडू. "तो वॉकर आर्डिससाठी बघताय का? न्या ना."

"छे छे," तो म्हणाला. "नको."

हे पहिलं. आता ती म्हणेल, अहो न्या हो, पडून तर आहे. तो म्हणेल, नको, दुसऱ्या कुणाला लागेल. हे दुसरं. मग ती म्हणेल, आता मला वाईट वाटेल हं. आणि तो म्हणेल, बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर... आणि कुणीच काही मागितलेलं नसेल, कुणीच काही घेतलेलं नसेल. वॉकर जणू आपल्याच पायांनी घरी चालत आलेला असेल. गावात लग्नंही याच रीतीनं ठरली होती.

"बरं," कार्मेला म्हणाली, आणि झाडत पुढं गेली.

दुसरा नकार ऑरिनच्या तोंडात तसाच राहिला. तयार, घोटून गुळगुळीत केलेला. त्याचं काय करायचं ते त्याला समजेना. व्हर्जिल कॉफीत बघत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि त्याला सगळं कळलं होतं, आणि गावात यालाच सभ्यपणा म्हणत असल्यामुळं तो खिडकीबाहेर बघू लागला.

ऑरिन बाहेर जाऊन पिकअपमध्ये बसला. किल्ली लावली. डुलुथ शहरात जाऊन यावं. दुपारपर्यंत परत. तिथल्या मोठ्या दुकानात वॉकरची रांगच असेल, गल्ल्यावरची पोरगी त्याच्या तोंडाकडं बघणारसुद्धा नाही, 'दिवस चांगला जावो' म्हणेल ते पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघत, आणि मी तो उचलून निघेन आणि माझं कुणाशी काही नसेल. हे त्याला आजवर कधी असं स्पष्ट दिसलं नव्हतं. पैसा लोक हावेपोटी धरून ठेवतात म्हणे... असतीलही. पण या गल्ल्यामागं उभं राहून इतकी वर्षं त्यानं पाहिलं होतं ते वेगळंच होतं — माणसं पैसा देत होती ती मागावं लागू नये म्हणून. 'केवढ्याला?' एवढं म्हटलं की झालं. त्यात 'मला' नव्हतं, 'हवंय' नव्हतं. त्याचे वडील बर्फ उपसताना गेले. शेजारी यंत्र घेऊन कुंपणापाशी उभा होता आणि वडिलांनी त्याला हात हलवून सांगितलं होतं, झालंच आहे. शेजाऱ्यानं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला वेळ मिळाला नाही.

पिकअपचं इंजिन चालूच होतं. त्याला गवत कापायच्या यंत्राचा आवाज आठवला, जो त्यानं ऐकलाच नव्हता. जवळ येतो, लांब जातो. मग कडा.

त्यानं किल्ली काढली. मागच्या पेटीतून स्वतःचं चांगलं ड्रिल घेतलं आणि आत गेला.

"हे घ्या," तो कार्मेलाला म्हणाला. "आणि तो मी नेतो."

"ड्रिल आहेत आपल्याकडं. खूप आहेत."

"मग मी त्याचे पैसे देतो."

"पैसे कुठं घेतो आपण?"

"मग भाड्यानं?"

"ऑरिन," ती झाडूवर हनुवटी टेकून म्हणाली, "जागा तुम्ही दिलीत. भिंत तुमची, खिळा तुमचा. आणि हे काय चाललंय?"

"जागेचं वेगळं. ती मी दिली."

"तेच म्हणतेय. आता घ्या."

"कसं घ्यायचं?" तो म्हणाला, आणि ते त्यानं इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की ती हसायची थांबली.

"मला हवंय म्हणायचं. बस."

व्हर्जिलनं कॉफीतला चमचा थांबवला. ऑरिनचे कान तापले; शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर तापायचे तसे. देताना सगळं गाव बघत होतं आणि त्याला काही वाटलं नव्हतं. आता दोन माणसं होती.

"मला तो वॉकर हवाय," तो म्हणाला. आवाज थोडा मोठा लागला. मग, उगीचच, "आर्डिस पडली तर मला उचलता येणार नाही. माझीही पाठ गेली आहे."

हे त्यानं आर्डिसलाही सांगितलेलं नव्हतं.

कार्मेलानं वॉकर काढून दिला. आभाळ कोसळलं नाही. व्हर्जिल घसा खाकरून म्हणाला, "ती शिडी... म्हणजे कुणालाच लागत नसेल तर."

"हवी आहे म्हणा," कार्मेला म्हणाली.

"तसं म्हटलं नाही मी."

"बरं," ती म्हणाली.

व्हर्जिल पुन्हा शिडीला टेकून बसला.

घरी स्वयंपाकघराच्या मधोमध ऑरिननं वॉकर उभा केला आणि त्याचे रबरी पाय तपासले. जुनी सवय, विकण्याआधी तपासायची. मग, कुणी नव्हतं म्हणून, त्यानं स्वतःच दोन्ही हात ठेवून भार टाकला. पाठीतली ती कळ, जिला तो नाही म्हणत आला होता, जरा सैल झाली. 'हवाय,' तो हळूच म्हणाला. शब्द परका होता, मापात न बसणाऱ्या बुटासारखा, पण पाऊल पुढं पडत होतं. खिडकीतून लाव्हॉन दिसत होती, कपडे वाळत घालत. उद्या आर्डिसला गाडीतून उतरवताना दुसऱ्या बाजूनं धरायला कुणीतरी लागेल. तो खिडकीपाशी गेला, काचेला हात लावला, आणि तिचे कपडे घालून होईपर्यंत थांबावं का, याचा विचार करत उभा राहिला. मग तसा विचार आपण करतोय हे त्याच्या लक्षात आलं. तो उभाच राहिला. पण आता खिडकीची कडी त्याच्या हातात होती.

फोन वाजला. आर्डिस होती.

"झाली का रे सोय?"

"नव्हती," ऑरिन म्हणाला. "मागून आणला."

त्यानं कुणाकडं काही मागितल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"अरे," ती म्हणाली, "विमा कंपनीनं आत्ताच पाठवलाय एक. नवा कोरा. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. ते म्हणतात तो परत घेता येत नाही."