अंगठ्यानं लिहिलं, ते तोंडानं वाचा

चर्चमधल्या तरुणांच्या गायनाचे झगे आजीच शिवायची, आणि त्याचा तोरा तिला पुरेपूर होता. त्यातलाच एक नातीनं तिच्या मांडीवर टाकला. "उसव हा. मी परत तिकडे पाय ठेवणार नाही."

झालं होतं ते असं. तरुणांच्या सभेत सगळे गोल बसून मनातलं बोलतात आणि तिथलं तिथंच ठेवतात. नात बोलून गेली, "बाबा गेल्यापासून माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही. गाते तेवढीच." ड्रम वाजवणाऱ्या लंबूनं ते फोनवर टिपलं आणि जगासमोर टाकलं. मग काय! ढोंगी काय, नाटकी काय. खुद्द सभेतल्या पोरांनीही हात धुऊन घेतले.

रविवारी आजीनं झगा काखेत मारला आणि नातीला ओढतच सभेला नेलं.

"आजी, नको ना."

"तू पायरीवर बस. आत माझी जीभ पुरेशी आहे."

सभा घेणारे धाकटे पाळक उठले. "या आजी, बसा."

"बसायला नाही आले, साहेब. मी पडले अडाणी. पोरीबद्दल काय काय लिहिलंय, ते मला वाचता येत नाही. ज्यानं लिहिलं, त्यानंच वाचून दाखवावं. मोठ्यानं, दाराकडे तोंड करून. ती तिथंच बसलीय."

एकेक फोन हळूच मांडीखाली सरकला.

"का रे? अंगठा धावतो आणि जिभेला लकवा?"

लंबू उठला. फोन उघडून, आपलंच लिहिलेलं वाचत "ढोंगी..." म्हणाला, दाराकडे पाहिलं आणि पुढचा शब्द फुटेना. फोनवर अंगठा दाबून त्यानं तो खिशात कोंबला आणि पायरीवर नातीशेजारी जाऊन बसला.

"मी टाकलेलं आत्ताच काढून टाकलं. पण पसरलं ते पसरलंच." मग खाली बघत, "प्रार्थना माझ्याच्यानंही होत नाही गं. तू बोललीस आणि मला वाटलं, माझंच उघडं पडलं."

"मेल्या," नात नाक पुसत म्हणाली, "मग तेव्हाच बोलायचंस की!"

आजीच्या ओठांवर एक चांगला जहरी टोमणा आला होता. तिनं तो गिळला. पाळकांना म्हणाली, "या दोघांच्या वाटची प्रार्थना तुम्ही करा आज. मोकळेच आहात."

नात आत आली. कुणाकडे न बघता तिनं झगा अंगात घातला आणि थबकली.

"आजी, हा लांब कसा झाला?"

"उसव म्हणालीस ना? उसवली खालची दुमड. उंची वाढलीय तुझी."