वेल्डरचं खुराडं

खुराडं, पहिलं

लोखंडी. कल्याणच्या कंपनीत सव्वीस वर्षं वेल्डिंग केलं, घरी टोकावड्याला परतल्यावर दुसरं काय सुचणार? अँगल कापले, चारी बाजूंनी पत्रा मारला, आत बसायला गोल पाइप. वर निळा रंग.

सकुबाई, माझी बायको, रंग वाळल्यावर बघायला आली. मग म्हणाली, "अवो, यात कोंबडी ठेवायची का साड्या?"

कोंबडी एकच उरली होती. सकुबाईच्या आईने लग्नात दिलेल्या तलंगीपासून चालत आलेलं वाण. बाकीच्या मुंगसाने नेल्या. हिच्यामागे आता आठ पिल्लं. सकुबाईने मला रविवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर धड खुराडं झालं नाही, तर कोंबडी पिल्लांसकट म्हशाला, सकुबाईच्या बहिणीच्या गावी, राहीकडे. बहिणीला दिलेलं परत मागायचं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी कोंबडी आत सोडली. पत्र्याने दिवसभर एप्रिलचं ऊन खाल्लेलं. ती पाइपावर चढली, घसरली. पुन्हा चढली, घसरली. पिल्लं घेऊन बाहेर आली आणि न्हाणीपाशी जाऊन बसली.

"भट्टीत कोन बसंल?" सकुबाई म्हणाली. "लावू राहीला फोन?"

"रविवार कुठं आलाय?"

खुराडं, बाचं

आठवेल तसं.

कारवीचं होतं. काठ्या उभ्या, काठ्या आडव्या, एकमेकींत विणलेल्या. वरून शेणमाती.

खाली राख.

दार म्हणजे फळी, वर ओढायची.

बा विणायला बसला की मी शेजारी मातीत गाडी चालवायचो. तो काठी दे म्हणाला की द्यायचो. तो ती कशी वळवायचा, ते

नाही बघितलं.

खुराडं, दुसरं

शुक्रवारी जुन्या गोठ्याचा कूड, कारवीची विणलेली भिंत, सोडवला. कारवी टणक निघाली. विणायला घेतली तर कडाकड मोडली.

शेजारचा चांगो कुंपणाला टेकून बघत होता. "दादा, तिला पानी पाज की रे. रातभर भिजव, मंग वळंल."

हे बाने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं तेव्हा माझी गाडी चालू होती.

शनिवारी भिजलेली कारवी वळली. लोखंडी सांगाडा ठेवला, पत्रे उतरवले, त्या जागी कूड बसवला. पाइप काढून सालीसकट फांदी घातली. एक बाजू फुगली, दुसरी आत गेली. आम्ही दोघं लिंपायला बसलो. मी पार वरपर्यंत माती लावत गेलो, तर सकुबाईने माझा हात धरला.

"वर नको. वीतभर सोडा, वारा जाऊ दे."

"तुला कोणी शिकवलं?"

"मामांनी. तुमी कल्यानला होता. लिंपायला मीच असायची त्यांच्यासंगं."

मामा म्हणजे तिचा सासरा, माझा बा. मी माती खरवडून काढली.

रविवारी माती वाळली. संध्याकाळी कोंबडीने दारातून मान आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. आणि शिरली. मागोमाग पिल्लं. मी फळी खाली सोडली.

सकुबाईने स्वतःच म्हशाला फोन लावला.

"नाय गो राही, आता नाय देत. हां, यांनीच केलं. वाकडं झालंय." ती थोडं ऐकत राहिली, मग हसली. "नाय गो, मामांचं पन वाकडंच व्हायचं."