आचारी शेवटी जेवतो

ओ, इकडं! गोठ्यात या, डाव्या अंगाला. भिंतीला टेकून उभी आहे ती मीच. दचकू नका, मी कढई बोलून राहिले. लोखंडाची, दोन कानांची, एक माणूस पाय पोटाशी घेऊन आत निजेल एवढी. रंगाचं तेवढं विचारू नका, त्या चौकशीचं वय गेलं माझं.

हट्टा गावच्या एका लोहारानं मला घडवलं. ठोकताना त्यानं इतक्या शिव्या घातल्या की त्यातल्या थोड्या माझ्या जिभेवर राहिल्याच. खेमा आचाऱ्यानं मला विकत घेऊन औंढ्याच्या अलीकडच्या ह्या गावी आणलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. नवी नवरी शिला दारात आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, लग्नाला महिना न्हाई झाला तं सवत आणली का?" खेमा लाजून लालेलाल झाला. तेव्हापासून आम्हा दोघींचं बरं जमतं.

खेमाच्या हातची वांग्याची भाजी म्हणजे सांगायची सोय नाही. भाजलेले तीळ, खोबरं, शेंगदाण्याचा कूट आणि वर लसणाची फोडणी. भाजी उतरायला आली की तो माझ्या काठावर उलथनं वाजवायचा. टण्! म्हणजे पंगत बसवा. लोक धावायचे, चपला हरवायच्या, पाव्हण्यांची मानापानावरून तोंडं वाकडी व्हायची. भुकेला माणूस किती लवकर लेकरू होतो, ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

खेमा मात्र एक घास तोंडात घालायचा नाही. आमच्याकडं आचारी शेवटी जेवतो. सगळ्या पंगती जेवून उठल्या की मग तो आपलं पान मांडतो. आधी खाल्लं तर अन्न पुरत नाही म्हणतात. खेमा हे इतकं पाळायचा की भाजीचं मीठसुद्धा नुसत्या वासावर ओळखायचा.

उकंडरावांच्या पोरीच्या लग्नातली गोष्ट. उकंडराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, मांडव रस्त्यापर्यंत आलेला. खेमानं उलथनं वाजवलं, पंगत बसली, पानं वाढून झाली. खेमानं उलथनं माझ्यात ठेवलं, तो भट्टीशेजारी उकिडवा बसला आणि पुन्हा उठलाच नाही. एकच रडारड झाली. भरल्या पानांवरून सगळी माणसं तशीच उठली. मेलेल्या माणसाच्या हातची भाजी कोण खाणार? खड्डा खणून पुरली ती. मला घासून शिलाच्या गोठ्यात पालथं घातलं आणि गाव मला विसरून गेलं.

खेमा नाही विसरला.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, माझ्या काठावर टण् वाजलं. गोठ्यात कुणी नव्हतं. म्हशीनं मान वर केली आणि जागच्या जागी थरथरत राहिली. शिला घरातून आली, दारात थबकली. मग हळूच म्हणाली, "न्हाई हो, पंगत न्हाई जेवली अजून."

पुढं रोजचंच झालं ते. ऊन डोक्यावर आलं की टण्. शिलाला लेकरूबाळ नव्हतं. ती भाकरी घेऊन माझ्याजवळ बसायची आणि त्याच्याशी बोलायची, सोयाबीनचं, शेजाऱ्यांच्या भांडणाचं. खरं सांगते, तिला सोबत होती ती. पण वरीस गेलं, दोन गेली, आणि आवाज बारीक होऊ लागला. कुणीतरी दमून, भुकेनं, उरलीसुरली ताकद लावून वाजवावं तसा. शिलाच्या घशाखाली भाकरी उतरेना. "पंगत उठल्याबिगर ह्ये जेवत न्हाईत," ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, "आन् ती पंगत तं जेवलीच न्हाई. असंच उपाशी राहायाचे का ह्ये?"

अशात गावात सिनेमावाले आले.

हिंगोलीचा अपूर्व नावाचा पोरगा, वडील कचेरीत कारकून. त्याला जेवणावरचा विनोदी सिनेमा काढायचा होता. लग्नातल्या आचाऱ्याची गोष्ट. त्याला जुनी, काळीकुट्ट कढई हवी होती, म्हणून तो आणि त्याची सहायक अनुश्री गोठ्यात आले आणि चक्क माझ्या बुडावर बसून भांडायला लागले. त्यामुळं सिनेमा कसा रचतात ते मला फुकटात कळलं.

"हे बघ," अपूर्व म्हणाला, "सुरुवातीलाच प्रेक्षकाला फोडणीचा वास आल्यासारखं वाटलं पाहिजे. त्याला भूक लावायची. मग घास तोंडाशी नेला की काढून घ्यायचा. नवऱ्याचा मामा रुसला, पंगत थांबली. लोक हसणार. पुन्हा घास उचलला, मांडवात बैल घुसला. जास्त हसणार. दर वेळी अडथळा मोठा आणि भूकही मोठी. आणि शेवटी सगळे एकदाचे जेवणार, तेवढ्यात कढईच आडवी! पंगत उपाशी उठते. संपला सिनेमा."

"म्हणजे कुणी जेवतच नाही?" अनुश्रीनं विचारलं.

"तोच तर जोक आहे."

"दोन तास भूक लावलीस आणि घास दिला नाहीस, तर लोक तुला शिव्या देत घरी जातील. अडथळ्यांना मजा येते ती शेवटी जेवण आहे म्हणून."

"जेवण झालं की गोष्ट बसली खाली. त्यात हसायचं काय?"

तेवढ्यात शिला चहा घेऊन आली. तिनं पंगत हा एकच शब्द धरला. "पंगत जेवल ना रं लेकरा?" तिनं विचारलं. अपूर्वचं ध्यान माझ्या कानांवर होतं. "हो हो मावशी, सगळं गाव बसवणार आहे," तो म्हणाला. शिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला स्वतः राखेनं घासलं आणि सारखी पुटपुटत राहिली, "आता जेवाल तुमी. आता जेवाल."

शूटिंगच्या दिवशी देवळापुढं मांडव घातला. मला भट्टीवर चढवलं, पण खाली विस्तव नाही, लाल दिवा. आणि माझ्यात काय भरलं? जांभळे रंगवलेले स्पंजचे तुकडे आणि रंगाचं पाणी! जन्मात एवढा अपमान झाला नव्हता माझा. गावकरी ओळीनं बसले, पानांवर तेच स्पंज वाढलं. शिला मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिला लांबून काही कळत नव्हतं. माणसांनी घास उचलला की तिचा जीव हरखायचा, आणि अपूर्व ओरडायचा, "कट!" हात खाली. मामा रुसला. पुन्हा घास, पुन्हा "कट!" बैल आला. शिलाचा चेहरा उतरत चालला.

तेव्हा माझ्या काठावर वाजलं. टण्.

कानाला यंत्र लावलेल्या माणसानं ते झटक्यात काढलं. "कढई कोण वाजवतंय?" माझ्याजवळ चिटपाखरू नव्हतं, उलथनं तर शिलाच्या घरी. पुन्हा वाजलं. आणि त्या मेल्या स्पंजातून वास सुटला. तीळ, खोबरं, लसूण. भट्टीत विस्तव नसताना माझं बूड तापू लागलं. उकंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "ही खेमाची भाजी हाय," ते म्हणाले. "ह्यो वास मी ह्या जन्मात विसरायचा न्हाई."

अपूर्वला वाटलं गावकरी झकास काम करून राहिलेत. "असेच राहा! आता कढई पाडा!" तो ओरडला. चार दणकट गडी आले, माझ्या कानांत वासा घातला आणि जोर लावला. मी हलले नाही. हलणार कशी? आतून कुणीतरी माझे दोन्ही कान घट्ट धरले होते. ती बोटं मला ओळखीची होती, फक्त फार वाळली होती. गड्यांच्या कपाळाला घाम फुटला आणि एकेकानं वासा सोडून दिला.

शिला कॅमेऱ्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तू म्हनला व्हता पंगत जेवल," ती अपूर्वला म्हणाली. "आमचा मानूस आचारी व्हता. पंगत जेवल्याबिगर त्येंला घास न्हाई. तिकडं उपाशी बसून राहिलेत ते. काहून पुन्हा भरल्या पानावरून उठवतो रं माणसं?" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

अपूर्वनं माझ्यात वाकून बघितलं. मग अनुश्रीकडं वळून म्हणाला, "मलाही भूक लागलीय गं. सकाळपासून हा वास घेतोय. शेवट बदलू. जेवू दे सगळ्यांना."

मग काय विचारता! स्पंज फेकला, खरा विस्तव पेटला, घराघरातून वांगी आली. बायांनी तीळ कुटले. शिलानं घरून खेमाचं उलथनं आणलं, पदर खोचला आणि भट्टीशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून स्पष्ट म्हणाली, "ऐका. आज आचारी मी हाय. तुमी न्हाई. तुमी जावा, पंगतीत बसा." माझ्या कानांवरची बोटं सैल झाली. आधी एक, मग सगळी.

ओळीच्या टोकाला तिनं एक पान मांडायला लावलं. वाढायला भावसिंग होता, मिशाळ गडी, कुणाच्या बापाला न भिणारा. सगळ्यांना वाढून तो परत आला आणि शिलाच्या कानाशी वाकला. "काकू, त्या टोकाच्या पानावर पुन्हा वाढू का?"

"काहून?"

"संपलंय तिथलं."

"मंग वाढ की. इचारतो काय?"

तो वाढून आला. वळून बघितलं आणि पुन्हा बादली उचलली. पुन्हा गेला. भाकरी नेली, ठेचा नेला, पाणी नेलं. शेवटी त्याच्या मिशा थरथरायला लागल्या, तरी तो धावत होता बिचारा. शेजारी बसलेले लोक खाली मान घालून मुकाट जेवत होते. त्या पानाकडं बघायची एकाचीही छाती झाली नाही. अनुश्रीनं कॅमेरा चालूच ठेवला.

सगळे उठल्यावर शिलानं माझं बूड खरवडून आपलं पान वाढून घेतलं आणि कितीतरी वर्षांनी पोटभर जेवली.

सिनेमा लागला तेव्हा अपूर्व पेढे घेऊन आला होता. मामावर लोक हसले, बैलावर हसले, पण मोकळ्या पानाकडं धावणाऱ्या भावसिंगला बघून लोटपोट झाले म्हणे. आणि शेवटी एकटी शिला जेवते, त्यावर थिएटर गप्प झालं, कुणी उठेना. शिलानं पेढा घेतला. सिनेमा बघायला गेली नाही.

आता ती आचारीण आहे. औंढ्यापासून सेनगावापर्यंत लग्नकार्याला मला जीपच्या टपावर बांधून नेतात. मला काम आहे, मान आहे, गंज नाही. पण दुपारी गोठ्यात काही वाजत नाही. आणि शिला दर मांडवात टोकाला एक पान जास्तीचं मांडते. वाढून घेते आणि बघत उभी राहते. पंगत उठते, पान तसंच असतं, भाजीवर माशी बसलेली. ती ते गुपचूप म्हशीसाठी डब्यात भरते आणि वाटेत माझ्याशी एक अक्षर बोलत नाही.

तुम्ही कधी आमच्या पंगतीला बसलात तर तिला कुणीतरी सांगा हो. मी सांगितलं तर तिला नुसतं लोखंड वाजल्यासारखं वाटतं. तिला म्हणावं, शिलाबाई, तुमच्या हातचं पोटभर जेवून गेला तो. आता त्याला भूक नाही.